टायरलाही वय असतं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जरीपटक्यातून बोलतोय. आम्ही म्हणजे अकरा जणी. आमची भिशी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो, चिठ्ठी काढतो, चहा-चिवडा होतो आणि मग गप्पा. आमच्यात मराठी बोलणाऱ्या आहेत, सिंधी बोलणाऱ्या आहेत, एक तर छत्तीसगडची सून आहे. जरीपटक्याच्या गल्लीत जशी माणसं राहतात, तशाच आम्ही.

आज आम्हाला टायरबद्दल बोलायचं आहे. ऐकून हसू नका. आमच्यातल्याही काही जणी हसल्या होत्या. ‘टायर हा काय बायकांचा विषय आहे का?’ असं एक काकू म्हणाल्या. पण सकाळी मुलांना शाळेत सोडायला स्कूटर कोण काढतं? भाजी आणायला, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला, क्लासमधून मुलीला आणायला कोण जातं? आपणच जातो. नागपूरच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघा, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या किती जणी दिसतात. दिवसभर आपण ज्याच्यावर बसून फिरतो, त्याच्याकडे आपण कधी वाकून बघत नाही. हवा भरायची वेळ आली की ‘यांना सांगते’ म्हणतो. आम्हीही तसंच करत होतो. 2024 च्या मे महिन्यात एक गोष्ट घडली, तेव्हापासून करत नाही.

ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्यातल्या एका मैत्रिणीकडे गाडी आहे. तिच्या यजमानांनी 2016 साली हौसेनं घेतलेली. 2021 मध्ये ते गेले. त्यानंतर गाडी घरासमोर भिंतीला लागून उभीच असायची. ती भिंत पश्चिमेकडची, म्हणजे दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट अंगावर. मैत्रीण दर रविवारी गाडी पुसायची, चावी फिरवून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची आणि बंद करायची. मुलगा पुण्याला नोकरीला, तो दिवाळीला आला की चार दिवस फिरवायचा. विकून टाक असं कुणी म्हटलं की ती बोलायची नाही, आम्हीही मग तो विषय काढायचं सोडलं. आठ वर्षांत गाडी जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर चालली होती. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी होती.

त्या मे महिन्यात मुलगा सुट्टीवर आला आणि शिर्डीला जायचं ठरलं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरकरांना शिर्डी म्हणजे अंगणातच आल्यासारखी वाटते. मुलगा गाडी चालवायला, शेजारी त्याची आई, मागे आम्ही दोघी आणि आमच्यातल्या एकीची चार वर्षांची नात. सकाळी पेट्रोल पंपावर हवा भरली. चारही टायर हातानं दाबून पाहिले. सगळं ठीक.

शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. रस्ता सरळ, गुळगुळीत, गाडी शंभर-एकशेदहावर. वर्धा मागे पडल्यावर मागच्या बाजूनं गुणगुण ऐकू यायला लागली. आम्हाला वाटलं रस्त्याचा आवाज असेल, सिमेंटचा रस्ता आहे. मग सीटला बारीक थरथर जाणवायला लागली. नात म्हणाली, ‘आजी, गाडीला थंडी वाजतेय.’ आम्ही हसलो. त्यानंतर दहा मिनिटांत मागे डाव्या बाजूला असा आवाज झाला की कुणीतरी पत्र्यावर काठीनं बडवतंय. गाडी एका बाजूला ओढायला लागली.

मुलानं ब्रेक मारला नाही. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, पाय उचलला आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. मग हळूहळू कडेला घेतली. नंतर म्हणाला, बाबांनी शिकवलं होतं, टायर गेला तर ब्रेकवर उडी मारायची नाही. त्या एका वाक्यानं आम्ही पाच जण आज आहोत.

खाली उतरून पाहिलं तर टायर फुटलेला नव्हता. त्याच्या वरचा नक्षीचा पट्टाच सालासारखा सोलून निघाला होता आणि फिरताना तो बंपरला बडवत होता. आत पोलादी तारा दिसत होत्या. आम्ही रस्त्यापासून दूर कठड्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलो. उन्हानं डोकं फुटायची वेळ, कडेवर पोर. मुलानं स्टेपनी काढली. स्टेपनी कधी जमिनीला लागलीसुद्धा नव्हती, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केसही तसेच होते. पण बाजूला पाहिलं तर उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा भेगा. तीसुद्धा 2016 चीच होती. तिच्यावर हळूहळू पुढच्या उताराला बाहेर पडलो आणि शिर्डी न करताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ऑटोमोटिव्ह चौकाकडे एका टायरवाल्या भाऊंकडे नेली. त्यांनी टायरच्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘दीदी, ये नंबर पढो.’ लंबगोल चौकटीत चार आकडे होते, 1116. म्हणाले, ‘ग्यारवा हफ्ता, सोला का साल. गाडी चली नहीं, पर टायर बुढ्ढा हो गया ना.’

आम्हाला तेव्हा कळलं की टायर झिजतो तसा म्हाताराही होतो. झिजलेला दिसतो, म्हातारा झालेला दिसत नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. स्वयंपाकघरात आपण हे रोज बघतो. कुकरची रिंग आठवा. नवीन असताना कशी लवचीक असते, ओढली की ताणते. दोन वर्षांनी तीच रिंग कडक होते, वाफ सोडायला लागते. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला रबरबँड बघा, वापरलेला नसतो तरी ओढला की तुटतो. गॅसची केशरी नळी आपण पाच वर्षांनी बदलतो. ती फाटलेली नसते, पण तिच्यावर साल छापलेलं असतं आणि एजन्सीचा माणूस बदला म्हणतो. आणि सिलिंडर घेताना आपण वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचतोच. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी, डी आणि पुढे साल. तपासणीची तारीख उलटून गेलेला सिलिंडर आपण परत पाठवतो. जी बाई सिलिंडरचं अक्षर वाचू शकते तिला टायरचा आकडा वाचणं मुळीच अवघड नाही.

मग रबर म्हातारं का होतं? थोडं समजून घेऊ.

झाडाचा चीक म्हणजे कच्चं रबर. ते उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी 1839 साली शोधून काढलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं. गंधक रबराच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालून बांधतं, असं समजा. टायरमध्ये झाडाचं रबर असतं, कारखान्यात बनवलेलं रबर असतं, काजळी असते, म्हणूनच तो काळा. आत कापडाचे थर आणि पोलादी तारांचे पट्टे असतात. हे सगळं एकमेकांना चिकटून असतं म्हणून टायर टायर असतो.

आता या टाक्यांचं काय होतं? हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतो. फक्त बाहेरून नाही, आतूनसुद्धा, कारण टायरमध्ये दाबून भरलेली हवा रबरातून हळूहळू झिरपतच असते. ऑक्सिजनमुळे रबर कडक आणि ठिसूळ होत जातं. बाहेरून ऊन आणि हवेतला ओझोन पापुद्रा तडकवतात. आणि हे सगळं उष्णतेत वेगानं होतं. जितकी उष्णता जास्त तितकं म्हातारपण लवकर. मग तारांचे पट्टे आणि वरचं रबर यांच्यातली पकड सुटायला लागते. ती सुटते आत, बाहेरून काही कळत नाही. एक दिवस वेग, ऊन आणि वजन एकत्र येतात आणि पट्टा सोलून निघतो. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आश्चर्याची वाटली. टायर बनवताना रबरात मेणासारखे पदार्थ घालतात. टायर फिरताना दबतो, उठतो, तसतसे ते पदार्थ पृष्ठभागावर येतात आणि उन्हा-ओझोनपासून रबराला जपतात. आपण अंगाला तेल लावतो तसं. पण गाडी उभीच राहिली तर हे तेल वर येतच नाही. म्हणजे आपल्याला वाटतं न वापरलेली वस्तू जपलेली असते, आणि इथे न वापरल्यामुळेच ती सुकते. मैत्रीण रविवारी इंजिन चालू करायची, बॅटरी सांभाळायची, पण चाकं जागचीच. एकाच जागी सगळं वजन घेऊन वर्षानुवर्षं उभी.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाचं बोलू. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. ते सावलीतलं, हवेचं तापमान. डांबरी रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो, अनवाणी पाय ठेवून बघायची हिंमत कुणी करणार नाही. टायर मात्र त्याच्यावरच उभा असतो. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्यानं एका मोठ्या विमा कंपनीचे टायरचे दावे तपासले होते. कंपनीचे 27 टक्के विमाधारक टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा पाच उष्ण राज्यांत राहत होते, पण टायरच्या दाव्यांपैकी 77 टक्के दावे त्या पाच राज्यांतून आले होते. आणि त्यांतले 84 टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. उन्हाच्या गावात टायर लवकर म्हातारा होतो याला याहून वेगळा पुरावा काय हवा? आपलं गाव तर उन्हाचंच.

आता हातात पेन घ्या, म्हणजे लिहून ठेवता येईल. टायरचं वय कसं वाचायचं?

टायरच्या बाजूला, म्हणजे त्याच्या गालावर, बरीच अक्षरं उठावात असतात. त्यात चार आकड्यांचा एक गट शोधा, बहुधा लंबगोल चौकटीत असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा सुरुवातीचा काळ. 4522 असेल तर 2022 चा पंचेचाळिसावा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर. कारच्या बाबतीत हा आकडा कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला येतो. मग पुढचं चाक वळवून बघावं लागतं किंवा टायरवाल्याला गाडी उचलून दाखवायला सांगावं लागतं. आकडे तीनच असतील तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा आहे, तो गाडीला नकोच.

आणि स्टेपनीचा आकडा विसरू नका. चारही टायर बदलतात आणि स्टेपनी तशीच राहते, असं पुष्कळदा होतं. अडचणीच्या वेळी हात द्यायला ठेवलेली वस्तू घरातली सगळ्यांत म्हातारी निघते.

किती वर्षांनी बदलायचा? टायर कंपन्या साधारण असं सांगतात: पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनीच बदला म्हणतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय की उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सहा वर्षं पुष्कळ झाली. वर्षं मोजायची ती टायर बनल्यापासून, गाडी घेतल्यापासून नाही.

वयाशिवाय टायर बदलायची बाकीची लक्षणं अशी. बाजूला किंवा नक्षीच्या फटीत भेगा. बाजूला कुठेही आलेला फुगा, म्हणजे आतले धागे तुटलेत, तो टायर त्याच दिवशी काढायचा. बाजूला झालेलं पंक्चर, ते जोडून चालत नाही. हवा पुन्हा पुन्हा कमी होणं. आणि गुणगुण किंवा थरथर. आमच्या नातीला जी थंडी वाटली, तो टायरचा निरोप होता. आम्ही ऐकला असता तर तिथेच थांबलो असतो.

आता नक्षी. गुळगुळीत झालेल्या टायरला आपल्याकडे गोटा म्हणतात. नक्षी कशासाठी असते? पावसात टायरखालचं पाणी बाजूला फेकायला. गोटा टायर पाणी फेकू शकत नाही, मग टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी तरंगते. तेव्हा ब्रेकही लागत नाही आणि हँडलही ऐकत नाही. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण एका तळहाताएवढा. कारचं सगळं वजन चार तळहातांवर आणि आपली स्कूटर तर त्याहूनही लहान अशा दोन तुकड्यांवर. नियमानुसार कारच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकीची 0.8 मिलिमीटर असायला हवी. मोजपट्टी शोधायची गरज नाही. टायरच्या खाचांमध्ये जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे कळावं म्हणून टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे बोट फिरवूनच कळतं.

हे स्कूटरला जास्त लागू आहे. स्कूटरचं चाक लहान, म्हणून तेवढ्याच अंतरात ते कारच्या चाकापेक्षा जास्त फेरे घेतं. मागच्या टायरवर आपण, मागे मूल, दप्तर आणि पुढे भाजीची पिशवी, म्हणून मागचा टायर आधी जातो, तोही मधोमध. जूनमध्ये पहिला पाऊस आला की रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं. त्या आठवड्यात किती जणी घसरतात हे आपण बघतोच. म्हणून मे संपायच्या आत, लोणची-पापडाच्या घाईत असलात तरी, स्कूटरचा मागचा टायर बोट लावून बघा.

हवेबद्दल दोनच गोष्टी. पहिली, हवा सकाळी गाडी चालवण्याआधी किंवा अगदी थोडं चालवून तपासायची. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. दर पाच-सहा अंश सेल्सियसला साधारण एक पौंड इतका फरक पडतो. तापलेल्या टायरची हवा काढून टाकू नका, थंड झाल्यावर ती कमी भरेल. दुसरी, कमी हवा जास्त वाईट. उन्हाळा आहे म्हणून हवा थोडी कमी ठेवा असं पुष्कळ जण सांगतात. उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. किती हवा हवी हे गाडीवरच लिहिलेलं असतं. कारच्या दारापाशी चिकटपट्टी असते, तसंच गाडीच्या पुस्तकातही असतं. एकटीला किती आणि डबल सीट असेल तर किती, हे वेगळं दिलेलं असतं. आणि नायट्रोजन भरला की टायर म्हातारा होत नाही असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, आपल्या साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. त्यानं जुना टायर नवा होत नाही.

समृद्धी महामार्गाचंही सांगायला हवं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई असा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला 120 ची मर्यादा आहे. गावातल्या रस्त्यावर चाळीसनं चालणारा टायर तिथे तासन्‌तास तिप्पट वेगानं फिरतो आणि तापतो. अपघात वाढल्यावर 2023 मध्ये परिवहन विभागानं महामार्गाच्या सुरुवातीलाच टायर तपासायला घेतले आणि खराब टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तेव्हा लोक चिडायचे, सुट्टी वाया गेली म्हणायचे. आता आम्हाला वाटतं, आमच्या गाडीला कुणी त्या दिवशी परत पाठवलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडू नये. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. टायर फुटला असं सुरुवातीला सांगितलं गेलं, पण परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. झोप, वेग, थकवा यांना टायरचं नाव देऊन मोकळं होणं सोपं असतं. टायर नवे घातले म्हणजे रात्रभर गाडी चालवायला मोकळीक मिळाली असं नाही.

आता एका आईची गोष्ट सांगतो, ती ऐकून आमच्या भिशीत कुणी चहाला हात लावला नव्हता. इंग्लंडमध्ये 2012 च्या सप्टेंबरमध्ये संगीत महोत्सवाहून परतणारी एक बस रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघे गेले. त्यात अठरा वर्षांचा मायकल मॉलॉय होता. तपासात निघालं की बसच्या पुढच्या चाकाचा टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. म्हणजे ज्या मुलाला त्यानं नेलं त्या मुलापेक्षा तो टायर मोठा होता. नक्षी चांगली होती, म्हणून तो कायद्यात बसत होता. मायकलच्या आईनं, फ्रान्सिस मॉलॉय यांनी, हा कायदा बदलायचं मनावर घेतलं. खासदारांना भेटल्या, मंत्र्यांना भेटल्या, वर्षानुवर्षं तेच सांगत राहिल्या. शेवटी 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी आली. त्या काही इंजिनिअर नव्हत्या. त्यांनी फक्त टायरचं वय विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिल्या.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या दोघी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या व्हॅनपाशी गेल्या. व्हॅनवाले काका आधी रागावले. ‘ताई, पंधरा वर्षं गाडी चालवतोय, आता तुम्ही शिकवणार?’ म्हणाले. आम्ही भांडलो नाही. वाकून आकडे वाचून दाखवले. पुढचे दोन ठीक होते, मागचा एक नऊ वर्षांचा निघाला. काका गप्प बसले. त्यांनाही तो आकडा वाचता येत नव्हता, सेकंडहँड म्हणून स्वस्तात घेतला होता. आमच्या मुलांच्या पालकांनी मिळून एक महिन्याची फी आगाऊ दिली, काकांनी टायर बदलला. आता ते स्वतःच दुसऱ्या व्हॅनवाल्यांना आकडा वाचायला शिकवतात. तुम्हीही विचारा. रागानं नाही, आपुलकीनं विचारा. त्या गाडीत तुमचं लेकरू बसतं.

टायर विकत घेताना काय बघायचं? पहिलं, तोच आकडा. नवा टायर म्हणजे नवा बनवलेला असं नसतं, दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला असू शकतो. पैसे देण्याआधी आकडा वाचा, जुना वाटला तर दुसरा मागा. पक्कं बिल घ्या. आकार आणि त्याच्यापुढचं वेग-वजनाचं अक्षर जुन्या टायरसारखंच आहे ना ते विचारा. व्हॉल्व्हसुद्धा रबराचा असतो, टायरबरोबर तोही बदलून घ्या. पैशांअभावी दोनच टायर बदलायचे असतील तर नवे दोन मागच्या चाकांना लावायचे. पुष्कळांना उलट वाटतं, पण मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि आवरत नाही. आणि झिजलेल्या टायरवर गरम पात्यानं खाचा पाडून तो नवा म्हणून विकतात, त्यापासून सावध राहा. खाच खोल दिसते, पण खाली रबर उरलेलं नसतं.

काढलेला जुना टायर घरी ठेवू नका. गच्चीवर टाकला की पावसाचं पाणी साचतं आणि डेंगीच्या डासांना घर मिळतं. जाळायचा तर मुळीच नाही, तो धूर विषारी असतो. दुकानदारालाच परत द्या.

आणि रस्त्यात टायर गेलाच तर? स्टीअरिंग घट्ट धरा, ब्रेकवर जोर देऊ नका, पाय उचला, गाडी आपोआप हळू होऊ द्या, मग कडेला घ्या. सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, गाडीच्या मागे किंवा पुढे नाही. मग 112 वर फोन करा. गाडी तुम्ही चालवत नसलात तरी हे पाठ असू द्या. शेजारी बसलेल्या बाईनं शांतपणे ‘ब्रेक नको’ म्हटलं तरी पुष्कळ होतं.

आता आमच्या मैत्रिणीच्या गाडीचं काय झालं ते सांगून थांबतो.

चार टायर आणि स्टेपनी मिळून मोठा खर्च होता. तिची पेन्शन आम्हाला ठाऊक आहे. त्या महिन्यात आम्ही चिठ्ठी काढलीच नाही, भिशी तिला दिली. ती नाही म्हणाली, आम्ही ऐकलं नाही. टायर आले. त्यांचे आकडे तिनं स्वतः वाकून वाचले आणि वहीत लिहून ठेवले. गॅसची नळी कधी बदलली तेही त्याच पानावर आहे.

पण खरी गोष्ट पुढची आहे. टायरवाल्या भाऊंनी सांगितलं होतं की गाडी उभी ठेवाल तर हेही टायर तसेच होतील. ती काही दिवस विचार करत होती. मग म्हणाली, मी शिकते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. आता दर रविवारी ती गाडी पुसते, चावी फिरवते आणि घेऊन निघते. कधी दयानंद पार्कला, कधी कामठी रोडनं पुढे. आम्हाला आळीपाळीनं बसवते. यजमानांची आठवण भिंतीला लावून ठेवण्यापेक्षा ती चालती ठेवलेली बरी, असं ती एकदा म्हणाली. गाडी सावलीत लावायला आता समोरच्या कडुनिंबाखाली जागाही मिळाली आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही शिर्डीला जाऊन आलो. निघण्याआधी ती चार चाकांभोवती फिरली, नात तिच्या मागे. नातीला आता आकडे वाचता येतात. तिनं मोठ्यानं वाचून दाखवले, मग आम्ही बसलो.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी कामं आटोपली की एकदा आपल्या गाडीपाशी जा. मोबाईलचा टॉर्च लावा, खाली वाका आणि ते चार आकडे वाचा.

आम्हा अकरा जणींचा नमस्कार.